एसीएसची कौशल्य तपासणी: दहा वर्षांच्या अनुभवातली मोजली जातात किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे विद्यापीठाची २०१५ ची बी.ई., शाखा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). ऑगस्ट २०१५ ते जुलै २०१९ एका कंपनीत टेस्टिंग, ऑगस्ट २०१९ पासून दुसऱ्या कंपनीत डेव्हलपर. वय ३२. पत्नी एमसीए, तीही आयटीत. ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी, म्हणजे गुणांवर मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी, एसीएसकडून तपासणी करून घ्यायची आहे. एजंटचं म्हणणं: दहा वर्षं झाली, अनुभवाचे १५ गुण पक्के, व्यवसायाचा कोड सॉफ्टवेअर इंजिनिअरचा टाकू, कंपनीचं रिलीव्हिंग लेटर पुरेसं आहे.

पक्कं यातलं काहीच नाही. याच माणसाला, याच कागदांवर, १५ गुण मिळू शकतात, १० मिळू शकतात आणि शून्यही. रिलीव्हिंग लेटर तर पुरेसं नाहीच.

आधी ही संस्था काय आहे ते पाहू, कारण बरेच गैरसमज तिथेच सुरू होतात. एसीएस म्हणजे ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, तिथल्या आयटी व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना. राज्याराज्यांतल्या संघटना एकत्र येऊन १९६६ मध्ये ती उभी राहिली. सभासदांना दर्जा देणं, आचारसंहिता ठरवणं, विद्यापीठांच्या संगणक पदव्यांना मान्यता देणं ही तिची मूळ कामं. त्याखेरीज परदेशी अर्जदारांची आयटीतली पात्रता तपासण्यासाठी तिथल्या सरकारने हीच संस्था नेमली आहे. आपल्याकडची कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ ची, म्हणजे वयाने वर्षभर मोठीच, पण तिच्याकडे असलं सरकारी काम नाही. त्यामुळे एखाद्या व्यावसायिक संघटनेच्या पत्रावर व्हिसा अडतो ही कल्पना आपल्याला नवी वाटते. तपासणीसाठी एसीएसचं सभासद असावं लागत नाही, आणि सभासद झाल्याने निकालात फरक पडत नाही. एसीएस व्हिसा देत नाही. व्हिसा देतं तिथलं गृहखातं. एसीएसचं पत्र हा त्या अर्जातला एक कागद.

तपासणीत मुलाखत नसते, कोडिंगची परीक्षा नसते. तुम्ही किती हुशार आहात हे कोणी पाहत नाही. तपासणारा तीन गोष्टी एकमेकींशी ताडून बघतो: पदवीत शिकलेले विषय, नोकरीत प्रत्यक्ष केलेलं काम, आणि तुम्ही निवडलेला व्यवसायाचा सहा आकडी कोड. या तिन्हींचा मेळ जितका घट्ट, तितकी तुमच्या अनुभवातली कमी वर्षं कापली जातात.

हे 'कापणं' नीट समजून घ्या. व्यवसायाला लागणारी पात्रता कागदोपत्री पूर्ण होईपर्यंतचा काळ एसीएस शिकण्याचा धरते. तो संपल्याची तारीख निकालपत्रात असते, आणि त्या तारखेनंतरचंच काम 'कुशल पातळीचं' म्हणून गणलं जातं. ढोबळ हिशेब असा: पदवी मुख्यत्वे संगणकाची आणि निवडलेल्या कोडशी जवळची असेल, तर गेल्या १० वर्षांतली २ वर्षं जातात, किंवा कधीचीही ४. पदवी संगणकाची आहे पण कोडशी जवळची नाही, तर ४ वर्षं. पदवीत संगणकाचा भाग दुय्यम असेल, तर गेल्या १० वर्षांतली ५ किंवा कधीचीही ६. पदवीत संगणक नावापुरताच असेल, तर नेहमीची वाट बंद आणि आरपीएलची, म्हणजे पदवीऐवजी कामातून मिळवलेलं ज्ञान दाखवण्याची वाट, तीत ६ वर्षं.

आता मुख्य अडचण. ई अँड टीसी कोणत्या खान्यात बसते? ते शाखेच्या नावावर ठरत नाही, मार्कशीटवरच्या विषयांवर ठरतं. तुमच्या आठ सेमिस्टरमध्ये डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, संगणक नेटवर्क, मायक्रोप्रोसेसर, एम्बेडेड सिस्टिम, प्रोग्रॅमिंगचे विषय किती, आणि अँटेना, मायक्रोवेव्ह, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, गणित किती, हे मोजावं लागतं. संगणकाच्या विषयांचा वाटा साधारण एक तृतीयांश झाला तर पदवी मुख्य धरली जाण्याची आशा असते. त्याच्या बरंच खाली, एक पंचमांशाच्या आसपास असेल तर दुय्यम. एकाच विद्यापीठाच्या एकाच शाखेत अभ्यासक्रम बदलल्यावर दोन मित्रांचे निकाल वेगळे येतात ते यामुळे. मित्राचं पत्र पाहून स्वतःचा हिशेब मांडू नका.

ऑगस्ट २०२५ अखेरपर्यंतचा अनुभव धरून तुमचाच हिशेब करू. परदेशातल्या अनुभवाला गृहखातं असे गुण देतं: ३ वर्षांना ५, ५ वर्षांना १०, ८ वर्षांना १५.

पदवी मुख्य आणि जवळची ठरली, आणि टेस्टिंगची चार वर्षंही संबंधित धरली, तर २ वर्षं जातात. पत्रात 'ऑगस्ट २०१७ नंतर' असं येईल. सप्टेंबर २०१७ पासून मोजा: ८ वर्षं, १५ गुण. एजंट सांगतो ते हेच चित्र.

पदवी दुय्यम ठरली, टेस्टिंग मात्र धरलं, तर ५ वर्षं जातात. तारीख ऑगस्ट २०२०, उरतात ५ वर्षं, १० गुण.

पदवी दुय्यम आणि टेस्टिंग सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या कामाशी संबंधित नाही असं म्हटलं, तर घड्याळच ऑगस्ट २०१९ ला सुरू होतं. ५ वर्षं गेल्यावर तारीख येते ऑगस्ट २०२४. उरलं एक वर्ष. गुण शून्य.

१५ पासून ० पर्यंतची ही दरी पदवीच्या विषयांनी आणि एका पत्रातल्या मजकुराने पडते. विषय आता बदलता येत नाहीत. पत्राचा मजकूर मात्र अजून हातात आहे, म्हणून सगळी मेहनत तिथे घ्यायची.

तारखेबद्दल एक सावधगिरी. पत्रात 'ऑगस्ट २०२० नंतर' असं असेल, तर गृहखात्याकडे इच्छुकतेचा अर्ज (ईओआय; गुण पाहून व्हिसासाठी आमंत्रण येतं ते यावरून) भरताना त्याआधीचं काम असंबंधित म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायचं आणि संबंधित काम १ सप्टेंबर २०२० पासून. एका महिन्याची घाई करून जास्त गुण मागितले, आमंत्रण आलं आणि नंतर गुण कमी भरले, तर व्हिसा नाकारला जातो आणि भरलेली फी परत मिळत नाही. आमंत्रणाच्या दिवशी कागदावर जितके गुण मागितलेत तितके सिद्ध करावेच लागतात.

कोडची निवड. सॉफ्टवेअर इंजिनिअर २६१३१३, डेव्हलपर प्रोग्रॅमर २६१३१२, अ‍ॅनालिस्ट प्रोग्रॅमर २६१३११ हे तिन्ही एकाच गटातले सख्खे भाऊ. फरक असा: गरज समजून घेणं, रचना ठरवणं, चाचणी, देखभाल, तांत्रिक दस्तऐवज असा सगळा प्रवास तुमच्या कामात असेल तर सॉफ्टवेअर इंजिनिअर, आलेल्या तपशिलावरून कोड लिहिणं हेच मुख्य असेल तर डेव्हलपर प्रोग्रॅमर, वापरकर्त्याशी बोलून गरजा लिहिणं आणि कोडही लिहिणं असेल तर अ‍ॅनालिस्ट प्रोग्रॅमर. सॉफ्टवेअर टेस्टर २६१३१४ हा कोड त्याच गटात दिसतो, पण तो धरला तर तुमची नंतरची डेव्हलपमेंटची वर्षं अडचणीत येतात. शिवाय टेस्टर, सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हे कोड १८९ या स्वतंत्र व्हिसाच्या यादीत नाहीत. त्यांना राज्याच्या नामांकनाची, म्हणजे १९० किंवा ४९१ ची वाट धरावी लागते. याद्या बदलतात, त्यामुळे अर्जाच्या आठवड्यात चालू यादी पाहा. बिझनेस अ‍ॅनालिस्टचा २६११११ हा कोड केवळ पदाचं नाव जुळतं म्हणून निवडू नका. आपल्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये पदांची नावं अजब असतात. तपासणारा ती बाजूला ठेवतो आणि कामाची यादी वाचतो.

तुमच्यासाठी २६१३१३ हाच योग्य, पण टेस्टिंगच्या वर्षांचं वर्णन प्रामाणिकपणे आणि नेमकं लिहून घ्यायला हवं. त्या काळात चाचणीची स्क्रिप्ट जावा किंवा पायथनमध्ये लिहिली असेल, ऑटोमेशनची चौकट उभी केली असेल, दोष कोडमध्ये शोधून दुरुस्ती सुचवली असेल, रचनेच्या आढाव्यात भाग घेतला असेल, तर ते सगळं पत्रात यायला हवं. नुसतं हाताने टेस्ट केसेस चालवल्या असतील तर तसंच लिहा आणि तिसऱ्या हिशेबाची तयारी ठेवा.

आता पत्र. कामाच्या अनुभवाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिवसासकट, पूर्ण वेळ की अर्धवेळ आणि आठवड्याचे तास, कामाचा देश आणि शहर, पदाचं नाव, प्रत्यक्ष केलेल्या कामांची यादी, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन आणि कंपनीचा ईमेल. तास विसरणं ही नेहमीची चूक. आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम मोजलंच जात नाही, आणि तास लिहिलेच नसतील तर तपासणाऱ्याने ते गृहीत का धरावेत?

ऑनसाइट गेला असाल तर देशांप्रमाणे तारखा वेगळ्या लिहून घ्या: अमुक ते अमुक पुणे, भारत, अमुक ते अमुक अमेरिका. निकालपत्रात अनुभव देशांप्रमाणे मांडलेला असतो, आणि ऑस्ट्रेलियात केलेल्या कामाचे गुण वेगळ्या कोष्टकातून, जास्त उदारपणे मिळतात. सिडनीत वर्षभर क्लायंटकडे बसला असाल आणि पत्रात सगळं 'पुणे' असं आलं, तर नुकसान तुमचंच.

कामांची यादी आठ ते बारा मुद्द्यांची असावी, प्रत्येक मुद्दा क्रियापदाने सांगणारा: काय केलं, कशात, कशासाठी. 'जावा, स्प्रिंग, ओरॅकल, जिरा' अशी साधनांची माळ म्हणजे काम नव्हे. आणि सरकारी वर्गीकरणातलं त्या कोडचं वर्णन जसंच्या तसं उतरवू नका. तपासणाऱ्याने ती वाक्यं रोज वाचलेली असतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पत्रांत शब्दन्‌शब्द तोच मजकूर आला, तर पत्रं अर्जदारानेच लिहिली हे उघड होतं. मसुदा तुम्ही द्यायला हरकत नाही, सगळेच देतात, पण प्रत्येक नोकरीचं खरं काम वेगळं होतं हे त्यात दिसू द्या.

चालू नोकरीच्या पत्रात 'आजपर्यंत' लिहिलं असेल, तर अनुभव पत्राच्या तारखेपर्यंतच मोजला जातो. जानेवारीत पत्र घेऊन जूनमध्ये अर्ज केला तर मधले पाच महिने गेले. म्हणून बाकीचे कागद जमले की हे पत्र सगळ्यात शेवटी घ्या. आणि बढती मिळून तुम्ही डिलिव्हरी मॅनेजर झाला असाल, तर ती वर्षं सॉफ्टवेअर इंजिनिअरमध्ये बसणार नाहीत. हे अनेकांना कडू लागतं, पण तसंच आहे.

मोठ्या कंपन्यांचं एचआर कामाचा तपशील असलेलं पत्र देत नाही. 'आमच्या धोरणात नाही' असं ठरलेलं उत्तर मिळतं. तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नका. दुसरा मार्ग म्हणजे तुमच्या मॅनेजरचं किंवा तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या वरिष्ठ सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. ते तुम्ही स्वतः स्वतःबद्दल करायचं नसतं, ही गफलत फार होते. स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर सही झालेलं असावं आणि नोटरीच्या शिक्क्यासोबत 'माझ्यासमोर शपथेवर सही केली' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असावा. नुसता गोल शिक्का आणि सही पुरत नाही. महाराष्ट्रात प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये झालं आहे. नोटरीकडे जुना १०० चा कागद पडलेला असेल तर तो घेऊ नका. मजकुरात दोघांचं नातं, म्हणजे कोण कोणाला कधीपासून कधीपर्यंत रिपोर्ट करत होतं, ते यायलाच हवं. आणि त्या व्यक्तीने आज कंपनी सोडली असली, तरी त्या काळात ती तिथे होती याचा पुरावा जोडा: तिचं अनुभवपत्र किंवा जुनं व्हिजिटिंग कार्ड. सोबत तुमचं ऑफर लेटर आणि रिलीव्हिंग लेटर. इथे त्याचा उपयोग आहे, आधार म्हणून.

पगाराचा पुरावा प्रत्येक नोकरीसाठी किमान दोन प्रकारचा द्या. फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, पीएफचं पासबुक. पासबुक सगळ्यात सोयीचं, कारण त्यात कंपनीचं नाव आणि दरमहाची भरणी दोन्ही असतात. पहिल्या नोकरीच्या स्लिपा कंपनीच्या पोर्टलवरच राहिल्या आणि लॉगिन बंद झालं, हे इतक्यांचं होतं की जुने फॉर्म १६ आणि पासबुक आजच उतरवून ठेवलेले बरे. नोकरीच्या सुरुवातीचा आणि शेवटाचा असे दोन्ही काळ झाकले जातील असे कागद निवडा. फक्त मधल्या एका वर्षाचा फॉर्म १६ देऊन दोन्ही टोकं सिद्ध होत नाहीत.

नावाची भानगड ही खास आपली. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि कुठेतरी आईचंही नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका खान्यात, आडनाव दुसऱ्यात. कंपनीत वडिलांचं नाव गायब. पुरुषांचं एवढ्यावर निभावतं. पत्नीच्या कागदांत लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललेलं असेल, तर पदवी एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्याच नावाने अशी स्थिती होते. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र इंग्रजी मजकुरासह जोडा. राजपत्रात नाव बदललं असेल तर ते पानही. मराठीतल्या कागदाला अधिकृत भाषांतर लागतं.

पत्नीची तपासणीही याच वेळी सुरू करा. जोडीदाराचं वय ४५ च्या आत, 'कॉम्पिटंट' पातळीचं इंग्रजी आणि स्वतःची सकारात्मक कौशल्य तपासणी असेल, तर तुमच्या खात्यात १० गुण येतात. एमसीए असल्याने तिची पदवी तुमच्यापेक्षा सरळ बसेल. अनुभवाचे गुण कोणाला किती पडतात ते दोन्ही पत्रं आल्यावरच कळेल, आणि मुख्य अर्जदार तिला करणं फायद्याचं ठरू शकतं. हा विचार बहुतेक घरांत होतच नाही. अर्ज नवऱ्याच्याच नावाने असं गृहीत धरलेलं असतं.

आरपीएलबद्दल थोडं, कारण मेकॅनिकल किंवा सिव्हिल करून आयटीत आलेले बरेच जण हे वाचतील. त्यात दोन प्रकल्प अहवाल लागतात, एक गेल्या ३ वर्षांतल्या कामाचा आणि एक गेल्या ५ वर्षांतल्या. शिवाय आयटीच्या ज्ञानक्षेत्रांवर स्वतःच्या कामातून लिहिलेलं टिपण. प्रश्न काय होता, रचनेचे कोणते पर्याय होते, तुम्ही कोणता निवडला आणि का, डेटाबेस व सुरक्षेचं काय केलं, यात 'आम्ही'पेक्षा 'मी' दिसला पाहिजे. 'तयार आरपीएल' विकणारे पुष्कळ आहेत. मजकूर सॉफ्टवेअरमधून तपासला जातो, आणि तोच अहवाल आधी चार जणांना विकलेला असतो. नक्कल सापडली की अर्ज फेटाळला जातोच, पण ती बाब गृहखात्यापर्यंतही जाऊ शकते, आणि मग नंतरचा प्रत्येक अर्ज जड जातो.

वेळेचं गणित. एसीएसचं पत्र दिल्यापासून २ वर्षं चालतं आणि आमंत्रणाच्या दिवशी ते जिवंत असावं लागतं. वयाचे गुण २५ ते ३२ ला ३० आहेत, ३३ ला २५ होतात, आणि वयही आमंत्रणाच्या दिवशीचंच पाहतात. तुम्ही ३२ चे आहात. त्यामुळे इंग्रजीची परीक्षा आणि तपासणी एकापाठोपाठ एक न करता समांतर चालवा. तपासणीसाठी इंग्रजीचा निकाल लागतही नाही. किमान गुण ६५ असले तरी सॉफ्टवेअरच्या गटात त्यावर आमंत्रण मिळत नाही, म्हणून पाच-पाच गुणांची ही मारामारी.

निकाल मनाजोगा आला नाही तर पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत फेरतपासणी मागता येते. ती मागण्याआधी पत्र पुन्हा वाचा. पदवीचं मूल्यांकन खटकत असेल, तर विद्यापीठाचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम विषयवार जोडल्याशिवाय काही हलत नाही. एखादी नोकरी धरली नसेल, तर कारण तिथेच दिलेलं असतं: कागद अपुरे की काम असंबंधित. कागद अपुरे असतील तर सुधारलेलं पत्र देऊन प्रश्न सुटतो. काम असंबंधित म्हटलं असेल आणि कामांची यादी तुम्ही खरी दिली असेल, तर फेरतपासणीची फी वाया जाण्याचीच शक्यता जास्त. त्यापेक्षा दुसरा कोड बसतो का ते पाहा.

एजंटकडे पैसे भरण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक मागा. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीकृत स्थलांतर एजंटांना सात आकडी क्रमांक असतो आणि तो सरकारी यादीत कोणालाही शोधता येतो. भारतात बसून काम करणाऱ्यावर तशी नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे पाटीवर 'ऑस्ट्रेलिया तज्ज्ञ' लिहिलं म्हणून नोंदणी आहे असं समजू नका. एसीएसचा अर्ज स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या खात्यातून भरा. एजंटच्या खात्यातून भरला, तर अधिक कागद मागणारा निरोप त्याच्याकडे जातो आणि मुदत संपल्यावर तुम्हाला कळतं.